सहा खाचा, एक हाड

आधीच सांगून ठेवते, गिटारचा नट मी तोडला नाही. मी तो फक्त निखळवला. तोडला बाबांनी, आणि तोही वाचवताना.

नट म्हणजे पडद्यावर नाचणारा नव्हे. गिटारची मान जिथे संपते आणि तारा पिळायच्या खुंट्या सुरू होतात, तिथे एक पांढरी, दोन पेरांएवढी पट्टी आडवी बसवलेली असते. तिच्यात सहा खाचा. प्रत्येक तारेने आपापल्या खाचेतून मुकाट्याने जायचं, शेजारणीच्या अंगावर पडायचं नाही, एवढंच तिचं काम. दोन वर्षं गिटार वाजवूनही मला या पट्टीचं नाव माहीत नव्हतं. ती गेल्यावर मात्र कळलं, की तिच्याशिवाय गिटार म्हणजे भोक पाडलेली पेटी.

रविवारी मी तारा बदलायला घेतल्या. सहाच्या सहा एकदम काढल्या. एकेक काढून बदलावी हे ज्ञान मला मंगळवारी झालं, त्यामुळे रविवारी त्याचा उपयोग नव्हता. ओल्या फडक्याने मान पुसताना नट दुधाच्या दातासारखा अलगद हातात आला. मी बाबांना हाक मारली ती निव्वळ गंमत दाखवायला. पण बाबांना कुठलीही वस्तू दोन तुकड्यांत दिसली की त्यांचा हात गोंदाकडे जातो. त्यांनी झटपट चिकटणारा गोंद आणला, नट झटपट चिकटवला आणि मग चष्मा लावला. नट उलटा बसला होता, पुढची बाजू मागे. गोंद वाळायच्या आत काढू म्हणून त्यांनी पेचकस घातला. गोंद वाळला. मग टक् असा एक आवाज झाला. नटाचे तीन तुकडे झाले, त्यातला एक अजून सापडलेला नाही.

बाबा म्हणाले, की नट मुळातच कमकुवत होता, हे वेळेवर कळलं ते बरं झालं.

वेळेवर कसलं? येत्या शुक्रवारी शाळेच्या वाद्यवृंदाची निवड होती. गिटारची जागा एकच. फलकावर लिहिलं होतं, ‘वाद्य स्वतःचे व सुस्थितीत असावे.’ आता माझी पंचाईत नीट समजून घ्या. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात इतक्या हळू हजेरी द्यायचे की दोनदा मी बाकावर बसलेली असताना माझी गैरहजेरी लागली. या वर्षी मला काय झालं कोण जाणे. आई म्हणते वारं शिरलंय. संगीताच्या सरांनी गिटारसाठी कोण येणार असं विचारलं तेव्हा मी हात वर केला, वर सगळ्या वर्गासमोर ठणकावून सांगितलं, की मी येणार आणि निवडूनही येणार. असं वाक्य तोंडातून गेलं की परत घेता येत नाही. शुक्रवारी मी गेले नसते तर वर्ग म्हणाला असता, आली ही मूळपदावर. ते मला मेले तरी नको होतं. म्हणून मी ठरवलं, नट बसवायचा म्हणजे बसवायचा.

सोमवारी शाळा सुटल्यावर गिटार पाठीला लावून वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदारांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि गिटार कुठल्या कंपनीची ते विचारलं. गिटार मावशीच्या माळ्यावरून आलेली. आतला कागद पुसट झालेला. त्यांनी भिंगाने नाव वाचलं, संगणकात घातलं, आणि अशी कंपनी नसल्याचं जाहीर केलं. मी गिटार त्यांच्यासमोर धरली. ती आपल्याला दिसतेय, पण संगणकाला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मागणी नोंदवायची तर तीन आठवडे, त्यासाठी मूळ खरेदीची पावती हवी, आणि पावतीवर नाव माझं हवं. त्या पावतीच्या वेळी माझा जन्म झालेला नव्हता, हे कारण त्यांना पुरेसं वाटलं नाही.

शेवटी त्यांनी एका डबीतून त्रेचाळीस मिलिमीटरचा प्लास्टिकचा नट काढला. माझ्या गिटारची मान पंचेचाळीस. दोन मिलिमीटरने काय बिघडतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या चष्म्याची दांडी दोन मिलिमीटर कमी केली तर कळेल. हे बोलून मी ताठ मानेने बाहेर पडले. गिटार आतच राहिली होती, त्यामुळे पुन्हा आत जावं लागलं. दुसऱ्यांदा बाहेर पडताना मान तितकीशी ताठ राहिली नाही.

मंगळवारी मी वाचून काढलं, की सगळ्यात उत्तम नट हाडाचा. झालं. खाटकाच्या दुकानात जाऊन मी नळीचं एक जाड, सरळ हाड मागितलं. कुत्र्यासाठी का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गिटारसाठी. त्यांनी सुरा पुसत जराही न चपापता विचारलं, केवढी आहे? त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला. आठवडाभरात मला कारण न विचारता माप विचारणारे ते एकटेच.

हाड आधी नुसत्या पाण्यात उकळायचं, खरवडायचं, मग तेलकटपणा जावा म्हणून साबणाच्या पाण्यात पुन्हा उकळायचं, अशी कृती होती. आई कामावरून यायला दोन तास होते. मी तिचं मोठं पातेलं घेतलं. भांड्यांचा लिंबाच्या वासाचा साबण घातला, आच मंद केली आणि भूगोलाचा गृहपाठ करायला बसले. यात माझं काय चुकलं?

बाबा लवकर आले. झाकण वर करून त्यांनी वास घेतला. घरात आज काहीतरी पौष्टिक शिजतंय याचा त्यांना आनंद झाला. त्यांनी मीठ घातलं, डावाने ढवळलं आणि घोटभर चाखलं. मी धावत पोचले तेव्हा ते विचारात पडले होते. लिंबू जरा जास्त झालंय, असं त्यांचं मत होतं.

त्यानंतर त्यांना बराच वेळ ढेकर येत होते आणि प्रत्येक ढेकराला ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात आई आली. तिने पातेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकही शब्द न बोलता पातेलं, डाव आणि झाकण एका पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. आईचं बोलणं परवडतं. हे असलं गाठ मारणं परवडत नाही.

मग वरच्या काकू खाली आल्या. वास जिन्यातून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. गॅसची नळी फुटली असावी म्हणून त्या आल्या होत्या. नळी शाबूत आहे हे कळल्यावर जरा हिरमुसल्या, पण बसल्या. नटाची हकिगत ऐकून त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले. दात घासायच्या ब्रशची दांडी. आईस्क्रीमची काडी. बटणं ओळीने चिकटवून. त्यांच्या भाच्याने म्हणे आगपेटीच्या काड्यांवर सहा महिने काढले, आणि आता तो विम्यात आहे. शेवटी त्यांनी मुळावरच घाव घातला. म्हणाल्या, “गाणं शीक गं तू. गळ्याला नट लागत नाही.” आईने मान डोलावली. मला एवढा अपमान पातेल्याच्या वेळीही वाटला नव्हता.

पिशवीतून हळूच काढून रात्रभर वाळवलेलं हाड बुधवारी दप्तरातून शाळेत नेलं. शाळेच्या कार्यशाळेत वस्तू घट्ट आवळून धरणारा लोखंडी वाइस आहे आणि करवती आहेत. मला हाडाची एक चपटी पट्टी कापून हवी होती, पाच मिनिटांचं काम. कार्यशाळेचे सर चांगले आहेत, पण ते अर्जाशिवाय टेकायला स्टूलसुद्धा देत नाहीत. अर्जावर वर्गशिक्षकांची सही, पालकांची सही. वर्गशिक्षकांची मी मधल्या सुट्टीत मिळवली. पालकांच्या सहीसाठी बाबांच्या कचेरीत फोन केला. बाबांनी मला परवानगी आहे असं सरांना तोंडी सांगितलं आणि पाठोपाठ ढेकर दिला. सर एवढ्यावरही तयार झाले. पण अर्जात एक रकाना होता, ‘वस्तूचा प्रकार: लाकूड / धातू’. सरांनी पेन त्या रकान्यावर धरलं आणि तसंच धरून ठेवलं. हाड लाकूड नाही, धातूही नाही. मी म्हटलं, लाकूड लिहा सर, कोण बघतंय. ते म्हणाले, “मी बघतोय ना.” प्रयोगशाळेत जा म्हणाले. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, हाड आमचं आहे पण करवत आमच्याकडे नाही. अशा रीतीने माझं हाड दोन खात्यांच्या मध्ये पडलं आणि घंटा झाली.

घरी येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या तळमजल्यावर बत्तिशीकाका राहतात. ते दंतवैद्य नाहीत. दंतवैद्यांना लागणाऱ्या कवळ्या करून देतात. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, त्यावर बारीक करवती, सुईएवढ्या कानशी, घासायचं चाक आणि कपाटात ओळीने लोकांचे जबडे. लहानपणी मी तिथून डोळे मिटून जायचे. बुधवारी उघड्या डोळ्यांनी आत गेले आणि हाड टेबलावर ठेवलं. काकांनी ते उजेडात फिरवून बघितलं आणि म्हणाले, की असा कच्चा माल हल्ली कुठे मिळतो. चाळीस वर्षं दात केले, पण गिटारचा दात पहिलाच. इतक्या खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मापं हवी म्हटल्यावर बाबा पुढे सरसावले. बाबा नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहेत. जेवायच्या टेबलावर कागद पसरून त्यांनी नटाचा दहापट मोठा नकाशा काढला: समोरून, वरून, बाजूने. तारांमधली अंतरं कशी ठेवायची यावर आमचं वाजलं. बाबांचं म्हणणं, एका तारेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सारखं अंतर. मी म्हटलं, वरच्या तारा जाड, खालच्या बारीक. मध्यापासून मोजलं तर जाड तारा एकमेकींना चिकटतील, म्हणून मधली मोकळी जागा सारखी हवी. बाबांनी जाड शाईने सहा ठिपके काढून बघितले आणि रबर मागितलं. हा माझ्या आयुष्यातला मोठा क्षण होता. साक्षीला कोणी नव्हतं. मग त्यांनी सुंदर अक्षरात एका टोकाला ‘डावी: जाड’ आणि दुसऱ्या टोकाला ‘उजवी: बारीक’ असं लिहून खाली सही केली.

गुरुवारी शाळेतून थेट बत्तिशीकाकांकडे. नट तयार होता. काय सांगू, दृष्ट लागावी असा. घासून, चमकवून, कडा गोल करून, मानेच्या टोकाला असा बसला जणू तिथेच उगवला. मी पहिली जाड तार तिच्या जागी घातली. ती खाचेत शिरेना, वरच बसून राहिली. मग सगळ्यात बारीक तार घातली. ती खाचेत इतकी खोल गेली की दिसेनाशी झाली. मी नट फिरवून बघितला. फिरवला तर खाचांच्या तळाचा उतार उलटा होत होता. दोन-तीन वेळा वरखाली करून माझ्या लक्षात आलं. सगळ्या खाचा आरशात बघून कापल्यासारख्या होत्या. जाडच्या जागी बारीक, बारीकच्या जागी जाड.

काकांनी नकाशा पुढे ओढला आणि ‘डावी’वर बोट ठेवलं. “बरोबर तर आहे. डावी बाजू जाड.”

“काका, पण ही उजवी आहे.”

“तुझी उजवी. आमच्यात डावी म्हणजे पेशंटची डावी. तो समोर तोंड उघडून बसतो, त्याची डावी आपल्या उजव्या हाताला येते. चाळीस वर्षं असंच लिहितोय.”

“गिटार पेशंट नाही ना, काका.”

“माझ्या टेबलावर आली की पेशंटच,” काका म्हणाले. पण आवाज बसला होता. त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या कपाटातले सगळे जबडे माझ्याकडे बघून हसत होते.

साडेचार वाजले होते. हाडाचा आणखी एकच तुकडा उरला होता, एका कडेला जरासा बाक असलेला. रडावंसं वाटलं, पण रडायला किमान दहा मिनिटं लागतात आणि तेवढी माझ्याकडे नव्हती. काका म्हणाले, मी करतो पुन्हा. मी म्हटलं, नाही. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. शुक्रवारी सरांसमोर माझं वाक्य उभं राहणार होतं, काकांचं नव्हे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही फक्त दाखवा, कानस मी धरते.

काकांनी दिवा माझ्याकडे वळवला. कानशीला जोर द्यायचा नाही, तिच्या वजनानेच कापू द्यायचं. तीन वेळा घासायचं, फुंकर मारायची, तार लावून बघायची. मागच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे तार खुंटीकडे वळताना कडेवर टेकेल. जाड तारांसाठी मी रविवारच्या जुन्या तारा वापरल्या. त्यांच्यावरच्या वेढ्यांनी हाड छान घासलं जातं. खोली किती हे बघायची रीत मला पाठ होती: मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपैकी तिसऱ्या पट्टीवर तार दाबायची, मग पहिल्या पट्टीवर तिच्याखाली कागद जेमतेम सरकेल एवढीच फट राहिली पाहिजे. तीन वेळा घास, फुंकर, तार, कागद. पुन्हा तीन वेळा. बोटांना हाडाचा भुगा, नाकाला हाडाचा भुगा, दप्तरात तर अजून आहे.

पाच खाचा झाल्या आणि सहावीला मी घाई केली. तीनच्या जागी बहुतेक सात-आठ वेळा घासलं. तार लावली तर ती पट्टीला घासून माशीसारखी गुणगुणायला लागली. काकांनी बोटाने फक्त टेबलावर साचलेला भुगा दाखवला. तो भुगा खाचेत भरायचा, वर गोंदाचा एकच थेंब सोडायचा, की दगडासारखं घट्ट होतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

मधेच आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता वरात निघणार. तिने काकांना नमस्कार केला, माझ्या हातांकडे जरा वेळ बघितलं आणि पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मी घासायला लागले तशी ती हळूच मोजायला लागली. एक. दोन. तीन. थांब. मी थांबले. दिवेलागणीला सहाही तारा लागल्या, आणि मी पहिला सूर वाजवला तेव्हा काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

शुक्रवारी संगीताच्या खोलीबाहेर पाचजणांची रांग होती. सगळ्यांच्या गिटार माझ्यापेक्षा नव्या, दोन तर आरशासारख्या चमकत होत्या. माझा नंबर चौथा. आत गेले, बसले, आणि सूर लावायला खुंटी पिळली तर दुसऱ्या तारेने खाचेत अडकून ‘टिंग’ केलं आणि एकदम वर उडी मारली. खाली केली तर पुन्हा टिंग, पार खाली. सरांनी हात पुढे केला. आधीच्या तिघांच्या तारा त्यांनीच लावून दिल्या होत्या हे मी दारातून बघितलं होतं.

मी म्हटलं, “एक मिनिट, सर.” कंपासपेटीतून पेन्सिल काढली, तार खाचेतून उचलली, खाचेत टोक चार वेळा फिरवलं, तार परत बसवली आणि पिळली. पेन्सिलच्या काळ्या भुकटीवरून ती लोण्यासारखी सरकली. सहा तारा लावल्या. सरांचा हात तोपर्यंत तसाच पुढे होता, मग त्यांनी तो मागे घेतला आणि म्हणाले, “वाजव.”

मी वाजवलं. मध्ये एकदा बोट चुकलं, पण थांबले नाही, चुकलेलंही असं ठासून वाजवलं की वाटावं ते तिथलंच आहे. संपल्यावर सरांनी गिटार मागून घेतली आणि नटाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“हा कुठे बसवून घेतलास?”

“बसवून नाही घेतला, सर. मी केलाय.”

“कशाचा?”

“हाडाचा.”

त्यांनी अंगठा चटकन उचलला. मग जरा विचार करून परत ठेवला. पाचव्या मुलीला आत बोलावलं, तिचंही ऐकलं. तिने माझ्यापेक्षा स्वच्छ वाजवलं, हे मी कबूल करते. पण तिचीही एक तार उतरली होती आणि तीही सरांनीच लावून दिली. मग त्यांनी आम्हा पाचहीजणांना उभं केलं, वही उघडली, आणि माझ्याकडे बघून गिटारच्या रकान्यात लिहिलं. वर म्हणाले, की कार्यक्रम ऐन रंगात असताना व्यासपीठावर तार उतरली तर मी धावत येणार नाही, ज्याचं त्याला जमलं पाहिजे. तुझा सराव सोमवारी चार वाजता.

बाकीचे गेले. मी गिटार पिशवीत घालत होते. सर खुर्चीवर चढले आणि कपाटावरून धुळीने माखलेल्या शाळेच्या तीन गिटार एकेक करून खाली काढल्या. एकीचा नट फुटलेला, एकीचा झिजलेला, तिसरीला नटच नव्हता. त्यांनी त्या माझ्यासमोर मांडल्या आणि विचारलं, जमेल का?

मी लगेच हो म्हटलं नाही. खाली बसले, पहिल्या गिटारच्या मानेवरची धूळ बाहीने पुसली, आणि दप्तरातून मोजपट्टी काढून आधी रुंदी मोजली.